पगारात नाव येत नाही

गणपतीला घरी गेलो होतो, रत्नागिरीला. आरती झाली, मोदक झाले, लाइट गेले, आले, आणि मग नेहमीप्रमाणे भेंड्यांचा कार्यक्रम सुरू झाला. 'ए' आला आणि माझ्या भाचीने (वय वर्षे नऊ) खणखणीत आवाजात 'दो आँखें बारह हाथ'मधली ती प्रार्थना सुरू केली. तुम्हाला माहितीये कुठली ते. तिच्या शाळेत रोज सकाळी होते, माझ्या शाळेत रोज व्हायची, तुमच्याही शाळेत झाली असेल. दोन ओळींनंतर अख्खं घर गायला लागलं. आमची आजी, जिला हिंदी म्हणजे मुसलमान भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं येतं, तीसुद्धा.

गाणं संपल्यावर मला दुर्बुद्धी झाली आणि मी विचारलं, "याची चाल कोणाची?"

आत्या म्हणाली, लताची. मी म्हटलं, लताबाईंनी गायलंय, चाल कोणी लावली? काका म्हणाले, शांताराम. मी म्हटलं, त्यांनी सिनेमा काढला. एक चुलतभाऊ म्हणाला, जुनी आहे रे, पारंपरिक असेल. (१९५७ सालचं गाणं पारंपरिक!) पंधरा माणसं होती. 'वसंत देसाई' हे नाव एकाच्याही तोंडून आलं नाही. आणि हे कोकणातलं घर. वसंत देसाई मूळचे सोनवड्याचे, कुडाळ तालुका. आज तो सिंधुदुर्ग जिल्हा, पण सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. देसाई १९७५ मध्ये गेले तेव्हा कुडाळ आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा माणूस!

मी हे सगळं तावातावाने सांगितलं. त्यावर काका शांतपणे म्हणाले, "अरे पण तो शांतारामांकडे नोकरीलाच होता ना? पगार मिळाला त्याला. आता हे चिऱ्याचं घर ज्या गवंड्याने बांधलं त्याचं नाव लावलंय का आपण दारावर?"

आजची पोस्ट म्हणजे काकांना दिलेलं उत्तर आहे, जे तेव्हा सुचलं नाही. (मला भांडणातली उत्तरं नेहमी परतीच्या गाडीत चिपळूण गेल्यावर सुचतात.)

खरं म्हणजे अर्धं उत्तर समोरच मखरात बसलं होतं. आमच्याकडे गणपतीला कोणी पाहुणा आला की नमस्कार झाल्यावर पहिला प्रश्न काय विचारतो? "कुठल्या शाळेतला गणपती?" कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी: जिथे मूर्ती घडवतात त्या कारखान्याला आमच्याकडे गणपतीची शाळा म्हणतात. मूर्तिकाराला आपण रोख पैसे मोजलेले असतात. मूर्ती आपली असते आणि पाच-सात दिवसांनी विसर्जनसुद्धा होणार असते. तरी त्याचं नाव आळीतल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि ते विचारणं हा शिष्टाचार आहे. "पैसे दिले, आता नाव कशाला?" असं काकासुद्धा तिथे म्हणत नाहीत. मग गाण्याच्या बाबतीतच हा न्याय का?

तर आधी हा माणूस नोकरीत नेमकं काय करत होता ते बघू. कारण 'संगीतकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेटीवर बोटं फिरवणारा, डोळे मिटलेला कोणीतरी येतो. वसंत देसाईंचं काम ते होतंच, पण तेवढंच नव्हतं.

जन्म १९१२ चा. आजोळी कीर्तन, आजूबाजूला दशावतार. १९२९ मध्ये कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि हा पोरगा तिथे जाऊन चिकटला. त्या वेळच्या स्टुडिओत 'मी फक्त संगीतात काम करीन' असं म्हणायची सोय नव्हती. पडेल ते काम करायचं. 'खुनी खंजर' नावाच्या मूकपटात (१९३०) त्यांनी कामही केलंय. मूकपटात! म्हणजे गायचा तर प्रश्नच नव्हता. मग बोलपट आले. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ला गोविंदराव टेंब्यांचं संगीत होतं, आणि राजाचं कामही टेंब्यांचंच. पुढे प्रभात पुण्याला आली, केशवराव भोळे आले, मास्टर कृष्णराव आले. देसाई या मंडळींच्या आजूबाजूला वावरत, पडेल ते करत, बघत, शिकत होते. दहा-बारा वर्षं. आपल्याकडे दीड वर्षात 'सीनियर' आणि तीन वर्षांत 'लीड' व्हायचं असतं, त्या हिशेबाने हा माणूस करिअरमध्ये अगदीच मागे पडलेला म्हणायला हवा.

आणि शिकायला मिळालं ते काय? प्रभात ही संगीताच्या बाबतीत प्रयोगशाळा होती. भोळ्यांनी 'कुंकू'साठी (१९३७) ठरवलं की पार्श्वसंगीत नकोच. जे आवाज त्या घरात, त्या रस्त्यावर खरोखर असतील तेवढेच घ्यायचे. आजच्या सिनेमात नायिकेने दरवाजा उघडला तरी चाळीस व्हायोलिनं वाजतात, त्या पार्श्वभूमीवर विचार करा. त्याच भोळ्यांनी 'संत तुकाराम'ला (१९३६) संगीत दिलं. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला, पण लोक तो तुकोबांचाच समजून गातात, आणि चांगले जाणकार फसल्याचं सांगतात. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात थोडं दुःखही दिसतं. काम इतकं चांगलं झालं की करणारा गायब.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि परळला राजकमल कलामंदिर उभं केलं. देसाई त्यांच्याबरोबर गेले. इथून पुढची पंधरा वर्षं म्हणजे राजकमलचं संगीत म्हणजे बहुतांशी वसंत देसाई. 'शकुंतला' (१९४३), 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'दहेज' (१९५०), 'अमर भूपाळी' (१९५१), 'झनक झनक पायल बाजे' (१९५५), 'दो आँखें बारह हाथ' (१९५७). यादी वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. कालिदासाचं आश्रमातलं नाटक, चीनमध्ये गेलेला सोलापूरचा डॉक्टर, पेशवाईतली लावणी, होनाजीची भूपाळी, कथक आणि खुल्या तुरुंगातले सहा खुनी. सहा वेगवेगळ्या जगांची नादसृष्टी एका खात्याने, एका माणसाच्या हाताखाली उभी केली. डफ-तुणतुणं-ढोलकी वाजवणारा वादक वेगळा, कथकचा तबलजी वेगळा. कोणाला बोलवायचं, कोणाला कुठे बसवायचं, कोणाला गप्प करायचं हे सगळं ठरवणारा एक.

स्टुडिओचं संगीत खातं म्हणजे काय हे आज समजावून सांगावं लागतं, कारण ती गोष्टच उरलेली नाही. गोष्ट लिहिली जात असतानाच संगीतवाला तिथे बसलेला असायचा. गाणं कुठे येणार, का येणार, येणारच का, यावर वाद घालायचा त्याला हक्क असायचा. आधी चाल, मग शब्द की उलट, हे तो आणि कवी मिळून ठरवायचे. मग तालमी. नाच असेल तर नाच बसवणाऱ्याबरोबर मात्रा मोजत बसायचं. मग रेकॉर्डिंग. तेव्हा वेगवेगळे ट्रॅक घेऊन नंतर जुळवायची सोय नव्हती. सगळे वादक आणि गायक एका खोलीत, मोजके माइक. कोणी चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. (Ctrl+Z ला मराठीत काय म्हणतात? काहीच नाही, कारण आपल्या आजोबांकडे ते नव्हतं.) आणि गाणी झाली की खरं काम सुरू, पार्श्वसंगीत. पडद्यावर चित्र चालू आणि समोर ताफा वाजवतोय. म्हणजे रचना, माणसं, वेळ, पैसा, तंत्र, सगळं एकाच्या डोक्यावर. आपल्या भाषेत आर्किटेक्ट, टीम लीड आणि रिलीझ मॅनेजर एकच. आजकाल एका सिनेमाला सहा संगीतकार असतात. प्रत्येकजण एकेक गाणं कंपनीला विकतो आणि पार्श्वसंगीत सातवाच कोणी करतो. ते वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण सिनेमाचा एक आवाज असणं ही गोष्ट त्यात सापडत नाही.

'झनक झनक'चं उदाहरण घ्या. गोपीकृष्णांचा नाच, तबल्याला सामताप्रसाद, शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँ, आणि पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा नावाचा, तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला, काश्मीरकडचा विशीतही न पोचलेला मुलगा, संतूर घेऊन. सगळा सिनेमा संगीत आणि नृत्यावर. त्यातून संगीत काढलं तर उरतो टेक्निकलरमधला रंगीत पडदा.

आता गंमत ऐका. १९५७ च्या फिल्मफेअर सोहळ्यात 'झनक झनक'ला चार पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिमुद्रण. संगीत? नाही. संगीताचा गेला 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना. 'चोरी चोरी'ची गाणी मलाही आवडतात, भांडण त्यांच्याशी नाही. पण ज्या सिनेमाच्या नावातच पैंजण वाजतंय त्याच्या ध्वनिमुद्रकाला पुरस्कार आणि ज्याने तो ध्वनी निर्माण केला त्याला काही नाही, ही काय पद्धत? वसंत देसाईंना फिल्मफेअर आयुष्यात कधीच मिळालं नाही.

त्याच पुरस्काराची दुसरी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 'चोरी चोरी'चं गाणं समारंभात गा, अशी लताबाईंना विनंती झाली. त्यांनी नकार दिला. पुरस्कार संगीताला आहे ना, मग वाद्यांवर वाजवून दाखवा, गायकाला कुठे पुरस्कार आहे? १९५९ पासून गायकांसाठी पुरस्कार सुरू झाला. शाब्बास! नाव मागितल्याशिवाय मिळत नाही हे त्यांना कळलं होतं. फक्त त्यानंतर झालं असं की काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. आज गाणं म्हणजे गायक. पंधरा माणसांच्या घरात 'चाल कोणाची' याचं उत्तर 'लताची'.

'तो शांतारामांचा माणूस' हे लेबलही मला पटत नाही. म्हणजे जणू शांतारामांनी शिट्टी वाजवली आणि यांनी ती लिहून घेतली. शांतारामांना संगीताचा कान होता, हट्ट होता, आणि राजकमलसारखं घर उभं केल्याशिवाय देसाईंना तो ताफा, तो वेळ, ते स्वातंत्र्य मिळालं नसतं हे मला मान्य आहे. शंभर टक्के मान्य. चांगली कंपनी म्हणजे काय हे मला दोन वाईट कंपन्यांत काम केल्यामुळे चांगलं कळतं. पण या लेबलची चाचणी सोपी आहे. माणूस त्या घराबाहेर काय करतो ते बघा.

राजकमलमध्ये असतानाच अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला (१९५३) संगीत कोणाचं? वसंत देसाईंचं. साने गुरुजींचं पालगड आमच्या दापोली तालुक्यातलं, सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक, शाळेतल्या छडीचं ते गाणं अजून प्रत्येक बालवाडीत. याची चाल कोणाची म्हणून विचारून बघा तुमच्या घरी. सोहराब मोदींच्या 'झाँसी की रानी'ला संगीत तेच. 'दो आँखें'नंतर शांतारामांनी 'नवरंग'साठी सी. रामचंद्रांना घेतलं. त्याच १९५९ मध्ये देसाई बाहेर 'गूँज उठी शहनाई' करत होते, बिस्मिल्ला खाँची शहनाई आणि शिवाय अमीर खाँ. पुढे 'आशीर्वाद' (१९६८). त्यात अशोककुमार रेलगाडीचं जे गाणं धडाधड म्हणतात त्याला आजची पोरं 'पहिलं रॅप' म्हणतात. मग 'गुड्डी' (१९७१), ज्यात वाणी जयराम नावाच्या नव्या आवाजाला संधी देऊन पुन्हा एक शाळेची प्रार्थना तयार झाली. म्हणजे देशातल्या शाळा सकाळी दोनपैकी कुठलीही प्रार्थना म्हणोत, चाल याच माणसाची निघायची दाट शक्यता! गुलजारांच्या 'अचानक'मध्ये (१९७३) एकही गाणं नाही, नुसतं पार्श्वसंगीत, तेही यांचंच. मराठी रंगभूमीवर 'पंडितराज जगन्नाथ', 'जय जय गौरीशंकर'. हा सगळा 'शांतारामांचा माणूस' बरं का.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. २३ ऑक्टोबर १९६६, न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रसंघ. एम. एस. सुब्बुलक्ष्मी गातायत. कांचीच्या शंकराचार्यांनी, चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी, खास या प्रसंगासाठी रचलेलं संस्कृत गीत, जगाने मैत्री करावी अशा आशयाचं. चेन्नईतला माझा एक सहकारी ते रोज सकाळी लावतो. त्याला गायिका माहीत, रचणारे आचार्य माहीत, तारीखसुद्धा माहीत. चाल लावणारा माहीत नाही. मी म्हटलं, बाबा रे, तो आमच्या कुडाळचा. त्याला वाटलं मी थापा मारतोय. शेवटी शोधून दाखवावं लागलं.

आता काकांच्या गवंड्याकडे परत.

गवंड्याचं आणि संगीतकाराचं काम एकाच पंगतीत बसवायला माझी हरकत नाही, गवंडीकाम ही कलाच आहे. पण घर एकदा विकलं जातं. गाणं दर वेळी वाजलं की विकलं जातं. रेडिओवर, लग्नात, रिंगटोनवर, फोनवरच्या ॲपमध्ये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी काम करून घेतलं तर, उलट करार नसेल तर, पहिला मालक निर्माता. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीविरुद्ध निर्मात्यांच्या बाजूने यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे इथवर काका बरोबर आहेत. (आणि मंडळी, हसू नका. त्याच कलमात पुढे नोकरीत केलेल्या कामाचा मालक कंपनी असंही लिहिलंय. आपल्या ऑफर लेटरमधल्या, आपण न वाचता सही केलेल्या त्या पानाचं मूळ तेच.) २०१२ मध्ये कायदा बदलला. सिनेमागृहाबाहेर गाणं वाजलं की त्यातल्या रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराने लिहून देऊ म्हटलं तरी देता येणार नाही, असं ठरलं. जुन्या गाण्यांना हे कितपत लागू यावर वकिलांनी भांडत बसावं.

पण याच कायद्यात कलम ५७ आहे, आणि ते काकांना मी प्रिंट काढून देणार आहे. मालकी विका, लिहून द्या, काहीही करा, तरीसुद्धा 'हे मी केलं' असं म्हणायचा हक्क निर्मात्याकडे जात नाही, करणाऱ्याकडेच राहतो. तो गेल्यावर त्याचे वारस तो मागू शकतात. कायदेमंडळालासुद्धा कळलं होतं की पगारात काम विकत घेता येतं, नाव नाही. वसंत देसाईंच्या रचनांवरचा कॉपीराइट, मालक कोणीही असो, मृत्यूनंतर साठ वर्षं म्हणजे २०३५ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. म्हणजे ही पुराणातली वानगी नाही. आजही त्या चालीवर पैसे फिरतायत.

मग नाव गायब कोण करतंय? इथे मला काकांना सोडून आपल्या जमातीकडे वळावं लागतं.

परतीच्या गाडीत मी फोनवरच्या ॲपमध्ये ती प्रार्थना शोधली. सात-आठ वेगवेगळ्या नोंदी सापडल्या. 'आर्टिस्ट'च्या जागी बहुतेक ठिकाणी लता मंगेशकर. दोन ठिकाणी वसंत देसाई होते. एका ठिकाणी 'व्हेरियस'. एका ठिकाणी चक्क गाण्यांच्या संग्रहाचं नाव. भरत व्यास, ज्यांनी ते शब्द लिहिले, फक्त एकदा.

हे ॲप कोणी बांधलं? शांतारामांनी नाही, लताबाईंनी नाही. तुम्ही आणि मी बांधलं. कोणीतरी आपल्यासारख्याच बिनबाह्यांचं जॅकेट घातलेल्याने एका टेबलात 'कंपोझर' नावाचा कॉलम टाकला आणि त्याला रिकामं राहायची परवानगी दिली. 'आर्टिस्ट' मात्र भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. एवढाच तो निर्णय. पाच सेकंदांचा. त्या पाच सेकंदांत एका माणसाच्या पंचेचाळीस वर्षांच्या कामावरचं नाव ऐच्छिक झालं.

तांत्रिक सबब मला माहितीये, मीही पोटासाठी डेटाबेसच सांभाळतो. ध्वनिमुद्रणाला एक ओळखक्रमांक असतो, आयएसआरसी. रचनेला दुसरा असतो, आयएसडब्ल्यूसी. फाइल येते ती पहिल्यासकट. दुसरा आणून जोडायचा तर मेहनत आहे, जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवरून कोणीतरी टाइप करायला हवं. रेकॉर्ड कंपनीनेच रिकामं पाठवलं तर आम्ही काय करणार? बरोबर. आणि रेकॉर्ड कंपनी म्हणते, ॲपवाल्यांनी मागितलंच नाही. हे संभाषण कुठे ऐकलंय ना? दर सोमवारच्या मीटिंगमध्ये.

पण हा नुसता मानापमानाचा मामला नाही. संगीतकारांची सोसायटी रॉयल्टी वाटते ती नोंदींवरूनच. हे गाणं इतक्या वेळा वाजलं, याचा रचनाकार अमुक, त्याला इतके पैसे. रचनाकाराची जागा रिकामी असेल किंवा तिथे गायकाचं नाव असेल, तर ते जुळवायला कोणीतरी मुद्दाम बसावं लागतं. गाजलेल्या गाण्यासाठी कोणी बसेलही. एखाद्या न गाजलेल्या सिनेमातल्या तिसऱ्या गाण्यासाठी कोण बसणार? रिकाम्या कॉलममागे कोणाच्या तरी घरी न पोचलेला पैसा असतो.

एका कंपनीत (नाव घेत नाही) मी दोन वर्षं राबून हिशेब जुळवणीचं एक मॉड्यूल लिहिलं होतं. अजून चालतंय म्हणतात. सोडल्यावर सहा महिन्यांनी जुन्या मित्राने सांगितलं की फाइलींच्या वरची आमची नावं 'स्वच्छता मोहिमे'त काढून टाकली. त्या रात्री मला झोप आली नाही. पगार पूर्ण मिळाला होता, बोनसही. तरी. मॉड्यूल माझं नव्हतं, कंपनीचं होतं, मला मान्य. पण लिहिलं होतं मी. ही दोन वेगळी वाक्यं आहेत एवढंच मला म्हणायचंय. जे मला माझ्या टुकार मॉड्यूलबद्दल वाटलं ते 'अमर भूपाळी' करणाऱ्या माणसाबद्दल वाटायला नको?

'अमर भूपाळी'वरून आठवलं. तो सिनेमा कशावर आहे? होनाजीवर. ज्याची भूपाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत पहाटे म्हटली जाते तो शाहीर. होनाजीचं नाव दोनशे वर्षं टिकलं, कारण या मंडळींनी पक्की व्यवस्था करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. रामजोशी, होनाजी, अनंत फंदी, सगळे तेच करत. तुकोबांनी केलं, जनाबाईंनी केलं, जिच्याकडे मालकी म्हणावी असं काही नव्हतं तिनेसुद्धा. गाणारा कोणीही असो, गाणं संपवायचं तर नाव घ्यावंच लागतं. 'नॉट नल' कॉलम! आपल्या पूर्वजांना कळत होतं. सिनेमाने ही नाममुद्रा काढून श्रेयनामावलीत नेली, रेकॉर्डने ती कव्हरच्या मागच्या बाजूला नेली, आणि आम्ही इंजिनिअरांनी ती ऐच्छिक करून टाकली. होनाजीचं नाव जपणाऱ्या सिनेमाला ज्याने सूर दिले, त्याचं नाव मात्र त्या सुरांत गुंफलेलं नव्हतं.

"लोकांना गायकच लक्षात राहतो, त्याला कोण काय करणार" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. लोकांना जे दाखवाल ते लक्षात राहतं. जुन्या रेडिओ सिलोनच्या काळात निवेदक गीतकार, संगीतकार, गायक सगळ्यांची नावं घ्यायचे, आणि आमच्या बाबांच्या पिढीला अजून घडाघडा पाठ आहेत. बाबांना त्या दिवशी उत्तर आलं असतं. ते नेमके आरतीची ताटं घासत होते.

देसाई २२ डिसेंबर १९७५ ला गेले. दिवसभर रेकॉर्डिंग करून पेडर रोडच्या घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात झाला. वय त्रेसष्ट. त्या आधीची काही वर्षं ते शाळाशाळांतून हजारो पोरांना एका सुरात समूहगान शिकवत होते. स्टुडिओतला ताफा सांभाळायची सवय, दुसरं काय.

निघायच्या आदल्या दिवशी मी भाचीची शाळेची वही मागून घेतली. पहिल्या पानावर ती प्रार्थना तिने सुरेख अक्षरात लिहिलेली होती, भोवती फुलांची वेलबुट्टी. खाली मी लिहिलं: शब्द भरत व्यास, संगीत वसंत देसाई, गायिका लता मंगेशकर आणि सहकारी. ती म्हणाली, "मामा, बाई ओरडल्या तर?" मी म्हटलं, ओरडल्या तर मला फोन कर. अजून आलेला नाही.